न जिंकणाऱ्या संघाचा माणूस

‘तुमच्या मुंबई एफसीनं जिंकलंय काय?’ हा प्रश्न मला ऑफिसात, सासुरवाडीला, लग्नाच्या पंगतीतसुद्धा विचारला गेलाय. उत्तर दोन वाक्यांत संपतं. २००७मध्ये क्लब निघाला आणि २००८मध्ये आय-लीगची दुसरी श्रेणी जिंकून वर आला. त्यानंतर नऊ हंगाम त्यानं वरच्या श्रेणीत तग धरला, आणि २०१७मध्ये खाली घसरला तो मिटलाच. ना लीग, ना फेडरेशन कप. मग विचारणारा हसतो आणि म्हणतो, ‘अहो, मग कशासाठी जात होता?’

मी मूळचा कोल्हापूरचा, शिवाजी पेठेतला. आमच्याकडे संघ निवडायचा नसतो. शिवाजी पेठेत जन्मलात तर शिवाजी तरुण मंडळ, मंगळवार पेठेत जन्मलात तर पाटाकडील तालीम. शाहू स्टेडियमवर या दोघांची गाठ पडली की दुपारपासूनच गल्लीत कुणी थांबायचं नाही. आजी उभ्या आयुष्यात कधी मैदानावर गेली नाही, पण हरून घरी आलो की भाकरी वाढताना विचारायची, ‘किती खाल्लं रं गोल?’ त्यामुळे संघावरची माया म्हणजे पेठेवरची मायाच, असा माझा समज होता. नोकरीसाठी मुंबईला आलो तेव्हा ती पेठ मागं राहिली आणि तिच्याबरोबर फुटबॉलही मागं राहिला, असं मी धरून चाललो.

ऑफिस नरिमन पॉइंटला होतं. एका शनिवारी काम लवकर आटोपलं म्हणून पाय मोकळे करत कूपरेजपाशी आलो, तर आत सामना चालू होता. समोर ओव्हल मैदानावर क्रिकेटचे डझनभर डाव रंगलेले, आणि इकडे दुपारच्या उन्हात आय-लीगचा सामना बघायला काहीशे माणसं. गर्दी इतकी विरळ की प्रशिक्षकाचा प्रत्येक शब्द वर ऐकू यायचा, खेळाडूंच्या शिव्यांसकट. कोल्हापुरात मी चेंगरून सामने बघितलेले. इथं पाय पसरून बसलो, आणि पुढच्या सामन्याला पुन्हा गेलो.

मला शेजार मिळाला तो गिरगावातल्या एका काकांचा. त्यांनी रोव्हर्स कपाचा चांगला काळ पाहिलेला. १८९१पासून चाललेली ती स्पर्धा कूपरेजवरच भरायची आणि नव्या शतकाच्या तोंडावर बंद पडली. मफतलाल, टाटा, ऑर्के मिल्स असे एकेक कंपन्यांचे संघ आले आणि गेले, ते सगळे काकांना पाठ होते. महिंद्रा युनायटेडनं २००५-०६ची राष्ट्रीय लीग जिंकली आणि २०१०मध्ये संघ बंद झाला. त्यानंतरच्या हंगामात काका त्याच बाकावर मुंबई एफसीची पिवळी जर्सी घालून बसलेले. मी विचारलं, ‘काका, वाईट नाही वाटत?’ ते म्हणाले, ‘वाटतं ना. पण शनिवारी करायचं काय?’

आमचा खेळ बघणाऱ्याला खूश करणारा नव्हता. २००९पासून खालिद जमील प्रशिक्षक होते, त्याआधी याच संघाचे खेळाडू. त्यांचा हिशेब सरळ होता: पैसा कमी, मग गोल खाऊ नका, एक पॉइंट तरी घ्या. मोहन बागान किंवा ईस्ट बंगाल आले की त्यांच्या संघात आमच्या अख्ख्या संघाच्या किमतीचा एकेक परदेशी असायचा. आम्ही दहा माणसं मागं ओढून शून्य-शून्य काढायचो आणि जिंकल्यासारखे नाचायचो. हंगामाच्या शेवटी रेलिगेशनची आकडेमोड सुरू व्हायची. दुसऱ्या सामन्यात कोण हरायला हवं, गोलफरक किती, सगळं काकांच्या वहीत असायचं. किताबासाठी झगडणाऱ्यांना वर्षाकाठी एकदोन सामने जिवावरचे वाटत असतील. आम्हाला मार्च उजाडला की प्रत्येकच सामना तसा असायचा.

कूपरेजच्या नूतनीकरणाच्या काळात घरचे सामने पुण्याला बालेवाडीत होऊ लागले. म्हणजे घरच्या मैदानावर जायला आम्ही पहाटेची गाडी पकडायचो. त्या प्रवासांत मंडळी खऱ्या अर्थानं एकमेकांची झाली. मालाडचा एक रिक्षावाला, भायखळ्याची दोन कॉलेजची पोरं, काका आणि मी. कुणाची नोकरी गेली, कुणाचं लग्न ठरलं, सगळं कर्जत आणि लोणावळ्याच्या दरम्यान कळायचं.

अमेरिकी मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट चाल्डिनी यांचा १९७६चा एक अभ्यास पुढं माझ्या वाचनात आला. कॉलेजचा फुटबॉल संघ शनिवारी जिंकला की सोमवारी विद्यार्थी कॉलेजचं नाव असलेले कपडे जास्त घालतात, हरला की कमी, असं त्यांना आढळलं. दुसऱ्याच्या यशात आपणही उजळून निघावं, हा माणसाचा स्वभाव. पटण्यासारखं आहे. पण मग हरण्यानंतरच्या सोमवारीही जे थोडे लोक तो शर्ट घालून आले, त्यांचं काय? माझं कुतूहल त्यांच्याविषयी आहे, कारण आमचा रिक्षावाला त्यांच्यातलाच. त्याच्या रिक्षामागचा पिवळा झेंडा निकाल बघून चढत-उतरत नसे.

२०१६मध्ये जमील मिझोरामच्या ऐझॉल एफसीला गेले. त्यांच्यामागून आमचे जयेश राणे आणि आशुतोष मेहताही गेले. ३० एप्रिल २०१७ला शिलाँगमध्ये १-१ अशी बरोबरी साधून ऐझॉल लीगविजेता झाला. ईशान्येकडचा हा पहिलाच विजेता. त्याच हंगामात आम्ही तळाला. आमच्याकडे वर्षानुवर्षं शून्य-शून्यचा संसार करणारा माणूस तिकडं जाऊन राजा झाला. राग यायला हवा होता. पण आमच्या गटात त्या संध्याकाळी पेढे वाटले गेले, आणि ऑगस्ट २०२५मध्ये ते भारतीय संघाचे प्रशिक्षक झाले तेव्हाही पहिला फोन काकांचाच आला. ज्यांच्याबरोबर हरलो, ती माणसं आपली वाटायची थांबत नाहीत.

आमचा क्लब मिटला तोवर शहरात मुंबई सिटी एफसी आली होती. निळी जर्सी, अंधेरीचं मैदान, रात्रीचे झगझगीत दिवे. २०२०-२१मध्ये त्यांनी इंडियन सुपर लीगमध्ये साखळीत अव्वल राहण्याची शिल्ड आणि त्यानंतरचा कप दोन्ही जिंकले. मित्र म्हणाले, ‘आता तरी जिंकणाऱ्या संघात ये.’ मी गेलो, टाळ्या वाजवल्या, खेळ खरंच देखणा होता. पण पेढे घेऊन ओळखीच्या पाहुण्यांकडे बसल्यासारखं वाटत राहिलं. त्या यशासाठी मी काही सोसलं नव्हतं. ना उन्हातली दुपार, ना पहाटेची गाडी.

माझ्या मुलीचं तसं नव्हतं. ती लहानाची मोठी झाली ती त्या निळ्या रंगातच. २०२२-२३मध्ये सिटीनं सलग अठरा सामने न हरता शिल्ड घेतली तेव्हा ती खूश होती, पण एखादी मालिका आवडावी इतपतच. मग मार्चमध्ये बंगळुरूला कपाची उपांत्य फेरी पेनल्टींवर गेली आणि सिटी हरली. पोरगी रडली, जेवली नाही. मी समजूत घातली, ‘अगं, शिल्ड तर आपलीच आहे.’ ती म्हणाली, ‘बाबा, तुम्हाला नाही कळणार.’

मला पुरेपूर कळलं होतं. दुसऱ्या दिवशी सोमवार होता आणि ती तीच जर्सी घालून क्लासला निघाली. तेव्हापासून अंधेरीला मीही तिच्याबरोबर नियमानं जातो. संघ अजून तिचाच आहे. माझा व्हायला आम्हा दोघांना मिळून अजून बरंच हरावं लागेल.