जातीचा रकाना

मावळातल्या आमच्या शाळेत पहिलीच्या प्रवेशाला आलेल्या एका फासेपारधी आईने विचारलं, "मॅडम, जात लिहायलाच पाहिजे का? पोलीसपण आधी तेच विचारतात."

तिची भीती जुनी आहे. १८७१ च्या कायद्याने इंग्रजांनी अख्ख्या जमाती जन्मजात गुन्हेगार ठरवून त्यांच्या नोंदी ठेवल्या, हजेरी लावली. १९५२ मध्ये कायदा गेला, संशय राहिला. पण १९८९ च्या अ‍ॅट्रॉसिटी कायद्याखाली खटला चालवायचा तर दोन्ही बाजूंची जात बघावीच लागते, नाहीतर ते कलम टिकणार कसं? तुरुंगात मात्र जात बघून कामं वाटायचे. म्हणून तिथल्या रजिस्टरमधला हा रकाना काढायला सुप्रीम कोर्टाने ऑक्टोबर २०२४ मध्ये सांगितलं.

तिला म्हटलं, ताई, लिहूया. पुढे जातीच्या दाखल्याला शाळेचीच नोंद मागतात.