एक दिवस, तीन तळी

होटगीचा माणूस सोलापूरला जातो तो कामानं. कधी दवाखाना, कधी कचेरी, कधी अडतीवर माल. काम झालं की मिळेल त्या गाडीनं परत. शंभरदा शहर पायाखालून जातं, पण बघायचं राहून जातं. घरातल्या म्हाताऱ्यांना आणि सुनांना तर तेवढंही घडत नाही. तेव्हा वाचकहो, सुगी आटोपली की दोन-तीन घरांनी मिळून एक दिवस जीप भाड्यानं करावी. भाडं, थांबण्याचे पैसे आणि परतायची वेळ निघण्याआधीच ठरवून घ्यावी. कडक भाकरी, शेंगाची चटणी आणि पाणी घरूनच बांधून घ्यावं.

निघताना आधी आपलंच तळं नीट पाहावं. हिवाळ्यात होटगीच्या तलावावर पाणपक्षी उतरतात. ते बघायला शहरातली माणसं येतात आणि आपण मात्र पाठ फिरवून स्टेशनकडे जातो.

मग उन्हं चढायच्या आत शहर ओलांडून तुळजापूर रस्त्यानं हिप्परग्याला जावं. हाच एकरुख तलाव. अदिला नदी अडवून इंग्रजी अमलात १८६६ ते १८७१ या काळात तो बांधला. दोन किलोमीटरांहून लांब असा हा मातीचा बांध आहे. तेव्हा आजच्यासारखी यंत्रं नव्हती. माणसांच्या आणि बैलांच्या बळावर माती पडली, चोपली गेली आणि दीडशे वर्षं टिकली. याच पाण्यावर कालवे निघाले आणि सोलापूर शहराचीही तहान भागली. बांधावर उभं राहून मुलांना एवढं जरूर सांगावं.

दुपारी सिद्धेश्वराच्या सावलीत शिदोरी सोडावी. मधोमध देऊळ, भोवती पाणी आणि शेजारी भुईकोट किल्ला. बाराव्या शतकात सिद्धरामेश्वरांनी लोकांना हाताशी धरून हे तळं खोदवलं, असं परंपरा सांगते. संक्रांतीला इथं नंदीध्वजांची मिरवणूक आणि मोठी गड्ड्याची जत्रा भरते. तेव्हा गर्दी फार. निवांत बघायचं असेल तर दुसरा दिवस धरावा.

उन्हं कलली की डॉक्टर कोटणीसांचं घर पाहावं. १९१० साली इथं जन्मलेला हा मुलगा १९३८ साली भारतीय वैद्यकीय पथकाबरोबर चीनला गेला, लढाईतल्या जखमींची सेवा करत राहिला आणि १९४२ साली तिथंच वारला. वय अवघं बत्तीस. आज त्या घरात त्यांचं स्मारक आहे. पुढं चार हुतात्मा पुतळ्यांपाशी थांबावं. मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, श्रीकिसन सारडा आणि जगन्नाथ शिंदे यांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात फाशी दिलं गेलं.

शेवट बाजारात. मराठी, कन्नड, तेलुगू अशा तिन्ही भाषांत घासाघीस ऐकू येते. चादर घेताना उलगडून दोन्ही बाजू पाहाव्यात, विणकर लगेच ओळखतो की गिऱ्हाईक जाणतं आहे.

जीप परत होटगीच्या वाटेला लागली की बायामाणसांत बाजाराच्या गोष्टी चालतील. गड्यांनी मात्र तळ्यांचा विचार करावा. आपला मुलूख वीस-पंचवीस इंच पावसाचा. इथं ज्यांनी तळी खोदली, त्यांनी आपल्या एका पिढीपुरती खोदली नाहीत. आपल्या वाट्याला खोदाई नाही, नुसती निगा आली आहे. तळ्यात साचतो तो गाळ पाण्याची जागा खातो आणि तोच गाळ हलक्या रानात पडला तर पीक धरतो. २०१७ सालापासून सरकारनं ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ ही योजनाही काढली आहे. उन्हाळ्यात तळं आटलं की गावानं ग्रामपंचायतीत बसून एवढा एक विषय काढावा. सहलीच्या भाड्याचे पैसे त्यातच वसूल होतील.