हत्ती कुठे गेला, बाई?

बालमित्रांनो, छत्रपती संभाजीनगरच्या मध्यवर्ती बसस्थानकावर तुम्ही कधी गाडीची वाट पाहत बसला आहात का? बाकावर पिशव्या, पिशव्यांना टेकून आजी, आजीच्या मांडीवर धाकटं भावंड आणि फलाटावर भलत्याच गावाची गाडी! चौकशीच्या खिडकीत विचारावं तर "आत्ता येईल" असं उत्तर मिळतं. हे "आत्ता" कधी कधी दोन तासांचं असतं. अशा वेळी शहाणी माणसं काय करतात, माहीत आहे? पिशव्या उचलतात आणि चालत चालत सिद्धार्थ उद्यानात जातात. बसस्थानकापासून ते अगदी जवळ आहे.

मी तुमच्याएवढी होते तेव्हाची गोष्ट. १९९९-२००० चा सुमार असेल. शहराचं नाव तेव्हा औरंगाबाद होतं. आम्ही कन्नड तालुक्यातले. अण्णांचं शहरात वर्षातून दोन-तीनदा तरी काम निघायचं. कधी बी-बियाणं, कधी कोर्टाची तारीख, कधी आजीचे डोळे दाखवायचे. मी मागे लागायचे, "अण्णा, मला पण न्या ना." अण्णा म्हणायचे, "तिथं काय ठेवलंय तुझं?" माझं काय ठेवलं होतं ते त्यांनाही ठाऊक होतं. माझे हत्ती!

सिद्धार्थ उद्यान हे महानगरपालिकेचं. तिथे झोके, घसरगुंडी, मुलांची छोटी आगगाडी, आणि मागच्या बाजूला प्राणिसंग्रहालय. सगळ्या मराठवाड्यात असं प्राणिसंग्रहालय हे एकच. त्यामुळे जालना, बीड, परभणी अशा कुठल्या कुठल्या गावांच्या सहली इथे यायच्या. मुलांच्या रांगा, शिट्ट्या, दोन बोटं धरून चालणारे गुरुजी. पण मी झोक्याकडे बघायचेसुद्धा नाही. तडक हत्तींपाशी. दोघी होत्या, मायलेकी. आईचं नाव सरस्वती आणि लेकीचं लक्ष्मी. लक्ष्मी तेव्हा लहान होती, सारखी आईच्या पायापायात. मी कठड्याला नाक लावून उभी राहायचे आणि अण्णा मागे उभे राहून घड्याळ बघायचे. परतीची शेवटची गाडी चुकली तर रात्र बसस्थानकावर काढावी लागे.

एक कबुलीही देऊन टाकते. माकडांच्या पिंजऱ्यात मी भुईमुगाच्या शेंगा टाकलेल्या आहेत. तेव्हा सगळेच टाकायचे, पण म्हणून ते बरोबर होतं असं नाही. बाहेरच्या खाण्यानं प्राण्यांची पोटं बिघडतात. आता माझ्या वर्गातल्या मुलांना मी सहलीला निघण्याआधी दहादा बजावते, तेव्हा त्या शेंगा मला आठवतात आणि ओशाळायला होतं.

मी आता शिक्षिका आहे. २०२४ च्या जानेवारीत आमच्या चौथीच्या वर्गाची सहल मी सिद्धार्थ उद्यानात नेली. वर्गातल्या एका मुलाला आपण गणू म्हणू. गणूचे आजोबा त्याला लहानपणापासून इथल्या हत्तींच्या गोष्टी सांगत आलेले. गडी सगळीकडे फिरला, वाघ पाहिला, सगळं पाहिलं आणि माझ्यापाशी येऊन उभा राहिला.

"हत्ती कुठे गेला, बाई?"

मी म्हटलं, "हत्ती इथून गेले रे. विशाखापट्टणमला."

"कशाला? आजोबा तर म्हणाले, आहेत म्हणून."

आजोबांच्या डोळ्यांसमोर ते अजून आहेत, त्याला मी काय करू! माझ्याही डोळ्यांसमोर आहेत की. पण गणूला उत्तर हवं होतं. तिथेच एका झाडाखाली आम्ही सगळे गोल करून बसलो. तेच तुम्हालाही सांगते.

आपल्या देशात प्राणिसंग्रहालयांवर देखरेख करायला केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरण आहे. ते १९९२ मध्ये स्थापन झालं. प्राण्यांना जागा किती हवी, डॉक्टर हवेत का, निवारा कसा हवा, हे सगळं ते तपासतं. या प्राधिकरणानं २००९ मध्ये सांगितलं, की प्राणिसंग्रहालयात आणि सर्कशीत हत्ती ठेवू नयेत, त्यांना मोकळ्या जागी हलवावं.

का बरं? मी लहान असताना आमच्याकडे एक सर्कस आली होती. तंबूमागे एक हत्ती साखळीनं बांधलेला असायचा. तो जागच्या जागी डावीकडे-उजवीकडे, डावीकडे-उजवीकडे डोलत राहायचा. आम्ही पोरं टाळ्या वाजवायचो, "हत्ती नाचतोय, हत्ती नाचतोय!" खूप वर्षांनी वाचनात आलं, की तो नाच नव्हता. चालायला जागा नसलेला, करायला काही नसलेला हत्ती असा डोलत राहतो. रानातला हत्ती दिवसभर चालतो, चरतो, डुंबतो. दिवसाला दीडशे किलोच्या आसपास चारा त्याला लागतो आणि तो शोधत तो कित्येक किलोमीटर हिंडतो. टणक जमिनीवर उभं राहून राहून त्याचे पाय दुखावतात, तळव्यांना जखमा होतात. एवढा मोठा प्राणी, पण दुखणं पायाचं!

तर मुलांनो, सरस्वती आणि लक्ष्मी २०१६ मध्ये विशाखापट्टणमच्या इंदिरा गांधी प्राणिसंग्रहालयात गेल्या. तुम्ही म्हणाल, "बाई, तेही प्राणिसंग्रहालयच ना?" बरोबर. पण ते सव्वासहाशे एकरांचं आहे आणि जंगलाच्या कडेला आहे. आपल्या बागेत बसस्थानकाचे भोंगे ऐकू येतात.

गणू म्हणाला, "मग वाघाचं काय?"

पोरगं हुशार आहे. आता वाघांचं सांगते, कारण खरी गोष्ट पुढेच आहे.

सिद्धार्थ उद्यानाचा मान वाघांचा. पिवळे वाघ तर इथे आहेतच, पण पांढरेही. मी डी.एड.ला होते तेव्हा गावाकडून कुणी पाहुणं आलं, की पहिला प्रश्न असायचा, "पांढरा वाघ दाखवते ना?" मग मी ऐटीत सगळ्यांना घेऊन जायचे. पांढरा वाघ ही वाघाची वेगळी जात नव्हे, बरं का. तो आपलाच पट्टेरी वाघ. आई आणि बाप दोघांकडूनही पांढऱ्या रंगाचा वारसा पिल्लाला मिळाला, तरच पिल्लू पांढरं होतं. १९५१ मध्ये रीवाच्या जंगलात तिथले महाराज मार्तंड सिंह यांनी एक पांढरा बछडा पकडला. त्याचं नाव ठेवलं मोहन. प्राणिसंग्रहालयांतले बहुतेक पांढरे वाघ या मोहनचेच वंशज आहेत. पांढरी पिल्लं व्हावीत म्हणून माणसांनी अगदी जवळच्या नात्यातल्या वाघांच्या जोड्या लावल्या. त्यातून काही पिल्लं अशक्त, काही तिरळी निघाली. हे कळल्यापासून पांढऱ्या वाघासमोर उभं राहिलं, की मला पहिल्यासारखा नुसता आनंद होत नाही. तरी नजर हटत नाही हेही खरंच.

इथे बछडे जन्मले, की सगळ्या शहराला घरात बारसं असल्यासारखं वाटतं. सप्टेंबर २०२३ मध्ये झालेल्या तीन बछड्यांची नावं तर चिठ्ठ्या टाकून ठरली. श्रावणी, विक्रम आणि कान्हा. आमच्या वर्गात एक श्रावणी आहे, तिला काय आनंद झाला!

पण या बछड्यांनी मोठं झाल्यावर राहायचं कुठे? प्राधिकरणाचं बोट नेमकं इथेच होतं. जागा अपुरी आहे, या आणि अशा कारणांनी २०१८ मध्ये त्यांनी या प्राणिसंग्रहालयाची मान्यताच रद्द केली. महापालिकेनं दाद मागितली आणि प्राणिसंग्रहालय सुरू राहिलं. पण प्राणी मोठ्या जागी न्यायला हवेत, हे ठरल्यासारखंच झालं. ती जागा म्हणजे मिटमिटा. दौलताबाद-वेरूळच्या रस्त्यावर, शहराबाहेर. तिथे शंभर एकरांहून मोठ्या जागेवर नवं प्राणिसंग्रहालय आणि सफारी पार्क करायचं असा बेत झाला आणि कामही सुरू झालं.

आपण जरा गणित करू या. एका चौरस किलोमीटरमध्ये साधारण २४७ एकर बसतात. म्हणजे शंभर एकर म्हणजे अर्धा चौरस किलोमीटरही नाही. चांगल्या जंगलातसुद्धा एका वाघिणीला वीसएक चौरस किलोमीटरचा मुलूख लागतो. तेव्हा "वाघ आता मोकळे होणार" असं कुणी म्हणालं, तर हे गणित त्याला करून दाखवा. मोकळे नाही होणार. पण पिंजऱ्याऐवजी झाडं, पाणी, पळायला जागा मिळाली तर तेही वाघाच्या दृष्टीनं थोडं नाही. जर्मनीत हॅम्बुर्गजवळ कार्ल हागेनबेक या माणसानं १९०७ मध्ये गजांऐवजी खंदक खणून प्राणी उघड्यावर दाखवले, तेव्हा लोक थक्क झाले होते. त्याला आता शंभरहून जास्त वर्षं झाली!

एवढं सगळं मला पटतं. तरी मिटमिट्याचं नाव निघालं, की पोटात काहीतरी हलतं. सहलीहून आल्यावर मी गावात चारचौघांशी बोलले. एक मावशी म्हणाल्या, "वाघाला मोठं घर मिळंल, चांगलंच हाय. पण मंग आमाला कोण दाखवील? आमी इथं बस लागंपर्यंत बघून येतोय." या बोलण्यात तथ्य आहे. सिद्धार्थ उद्यानात जायला वेगळी सहल काढावी लागत नाही, रिक्षा लागत नाही. कुणी दवाखान्यात आलेलं असतं, कुणी खरेदीला. तासभर मोकळा मिळतो, थोडक्या पैशांत पोराला वाघ दिसतो. आम्हा कन्नडकरांना मिटमिटा निदान वाटेवर तरी आहे. पण पैठणच्या, सिल्लोडच्या, जालन्याच्या माणसानं तिथे उतरून, बघून, परत शहरात यायचं म्हणजे अख्खा दिवस गेला.

पुण्याच्या मुलांनीही हे सोसलंय. सारसबागेजवळच्या पेशवे पार्कमध्ये १९५३ पासून प्राणिसंग्रहालय होतं. पुढे कात्रजला मोठं प्राणिसंग्रहालय झालं, ते १९९९ मध्ये खुलं झालं आणि पेशवे पार्कमधले प्राणी हळूहळू तिकडे गेले. पण 'फुलराणी' नावाची तिथली छोटी आगगाडी, १९५६ मध्ये सुरू झालेली, ती मात्र पार्कातच राहिली. पुण्याची माझी एक मैत्रीण सांगते, तिचे बाबा आजही पेशवे पार्कच्या फाटकापाशी आले, की "इथं सिंह होता" असं म्हणतात. कात्रजचं मोठं मैदान त्यांनाही आवडतं, पण "इथं सिंह होता" सुटत नाही.

सहलीनंतर मी मुलांना निबंध दिला, 'वाघ मिटमिट्याला जावा का?' वर्गात दोन तट पडले. श्रावणीनं लिहिलं, जावाच, कारण तिला स्वतःला एका खोलीत सहाजण झोपताना जीव गुदमरतो. एकानं लिहिलं, वाघ न्या, पण झोके आणि घसरगुंडी इथेच ठेवा. हेही काही वाईट नाही.

गणूचा निबंध सगळ्यांत लहान. चारच ओळी. त्यानं लिहिलं होतं, "वाघाला मोठ्या जागेत न्यावे. पण मोठ्या जागेत वाघ लांब बसतो. माझ्या आजोबांना लांबचे दिसत नाही. त्यांना मी इथेच दाखवून आणणार आहे."

पुढच्या रविवारी तो आजोबांना घेऊन सकाळच्या गाडीनं गेलासुद्धा. सोमवारी वर्गात आला तो सांगतच आला, "बाई, आजोबांनी वाघ बघितला! पण आधी विचारलं काय, माहितीये? हत्ती कुठे गेला!"