मायना आणि मजकूर

आमच्या घरात अर्ज लिहिण्याचे काम माझ्याकडे असते. चौतीस वर्षे शाळेत मराठी शिकवण्यात घालवल्यावर मनुष्याला दुसरे काही येवो न येवो, 'विनंती विशेष' कोठे घालावे एवढे तरी येतेच. तेव्हा गेल्या वर्षी पुतणीने नोकरीसाठी आपली माहिती लिहायला घेतली, तो कागद मी तिच्या हातून जवळजवळ ओढूनच घेतला. 'अवगत भाषा' या रकान्यात तिने मराठी, हिंदी, इंग्रजी असे लिहिले होते. मी त्यापुढे ठसठशीत अक्षरात भर घातली : रूबी, रेल्स, जँगो, रिॲक्ट.

"काका, ती सगळी भाषांची नावं नाहीत," ती म्हणाली.

"संगणकाशी बोलायचं ते त्यातूनच ना? मग भाषाच."

"तसं नाही... बरं, असू द्या."

वडीलधाऱ्यांशी वाद घालू नये असे वळण आमच्या घराण्यात फार पूर्वीपासून आहे. त्याचे तोटे कोणीतरी एकदा लिहून काढायला हवेत.

या प्रकरणाची सुरुवात मात्र सहा महिने आधीची. आमचे थोरले बंधू कराडजवळ गावी शेती पाहतात. मुलगी पुण्याला शिकायला माझ्याकडे राहिली. पदवी झाली, पण नोकरी लागेना. तेव्हा मीच तिला एका क्लासात घेऊन गेलो. क्लासाचे नाव सांगत नाही, कारण पुढे जे घडले त्यात त्यांचा दोष नव्हता. तेथे भिंतीवर दोन अभ्यासक्रम लावले होते. एक 'रूबी', दुसरा 'रूबी ऑन रेल्स'. खिडकीतला तरुण म्हणाला, "आधी पहिला करावा लागतो." मी जाहिरातींची कात्रणे खिशातच घेऊन गेलो होतो. त्यांत जो तो रेल्स जाणणारा माणूस मागत होता. नुसती रूबी कोणीच मागत नव्हते. मी मनाशी ठरवून टाकले की पहिली ही जुनी भाषा आणि दुसरी ही तिची सुधारलेली आवृत्ती. जुनीवर तीन महिने आणि तेवढे पैसे कशाला घालवायचे? मी त्या तरुणाला म्हणालो, "मुलगी हुशार आहे. थेट दुसऱ्यातच घ्या." मास्तरकीचा आवाज अजून शाबूत आहे. त्याने घेतले.

क्लासात तिने खरोखर चांगले काम केले. दोन महिन्यांत एका काल्पनिक वाचनालयाचे संकेतस्थळ उभे करून मला दाखवले : पुस्तके, वर्गणीदार, उशिराचा दंड, सगळे काही. त्यातली एक गंमत पाहून तर माझ्यातला व्याकरणमास्तर हरखून गेला. आपण 'पर्सन' असे एकवचनी नाव दिले की रेल्स आपण होऊन 'पीपल' नावाचा तक्ता शोधू लागते. 'माऊस'चे 'माइस' होते हे तिला कळते, आणि 'राइस'चे अनेकवचन होत नाही हेही कळते! माझ्या वर्गातल्या निम्म्या पोरांना वचनविचार इतका कधी साधला नव्हता. मी सौ.ला म्हणालो, "ही भाषा मोठी समंजस आहे हो." रूबी की रेल्स, हे तेव्हाही मी विचारले नाही.

मग मुलाखत झाली. ती दुपारी गेली आणि दिवेलागणीला परत आली. चप्पल जागेवर ठेवली, हातपाय धुतले आणि काकूला पोळ्या लाटू लागली. आमच्याकडे मुलगी न सांगता पोळ्या लाटू लागली की समजायचे. जेवणे झाल्यावर मी गॅलरीत तिच्याशेजारी जाऊन बसलो, तेव्हा कोठे ती बोलली.

मुलाखत घेणारे गृहस्थ सभ्य होते. त्यांनी तिचा कागद वाचला, भाषांच्या रकान्यापाशी किंचित थबकले आणि म्हणाले, "रेल्स बाजूला ठेवू. साध्या रूबीत एक लहानसं काम करून दाखवा." काम खरोखरच लहान होते. एक यादी दिलेली. तिच्यातली गेल्या तीन दिवसांतली नावे तेवढी काढायची आणि कोरी सोडून द्यायची. तिने झरझर लिहिले. तीन दिवसांपूर्वीची वेळ हवी, म्हणून तीन या आकड्यापुढे 'डेज' आणि त्यापुढे 'अगो'. नाव कोरे आहे का हे पाहायला 'ब्लँक' आणि प्रश्नचिन्ह. क्लासात रोज असेच लिहीत होती. यंत्राने उत्तर दिले की तीन या आकड्याला 'डेज' म्हणून काही ठाऊक नाही. 'ब्लँक'चीही तीच गत झाली. तिला वाटले स्पेलिंग चुकले. तिने तेच पुन्हा लिहिले. तिसऱ्यांदाही तेच लिहिले.

"काका, ते शब्द रूबीचे नव्हतेच. रेल्सनं घातलेले होते. मला वाटायचं ती रूबीच बोलते आहे."

त्या रात्री तिने मला सगळे नीट समजावून सांगितले. यापूर्वी मी तिला ती संधीच दिली नव्हती. रूबी ही भाषा. युकिहिरो मात्सुमोतो या जपानी गृहस्थांनी ती घडवली आणि 1995 साली लोकांपुढे ठेवली. रूबी म्हणजे माणिक. आधी 'पर्ल' नावाची भाषा होती. मोत्यावरून माणिक सुचले. रेल्स पुढचे, 2004 चे. डेव्हिड हाइनमायर हॅन्सन हे डेन्मार्कचे गृहस्थ रूबीतच एक संकेतस्थळ बांधीत होते. ते बांधताना जे जे पुन:पुन्हा करावे लागते ते त्यांनी वेगळे काढले आणि सर्वांना देऊन टाकले. म्हणजे रेल्स ही भाषा नव्हे. रूबीतच आधी लिहून ठेवलेले तयार काम. त्याला फ्रेमवर्क म्हणतात. पायथन ही भाषा आणि जँगो तिच्यातले फ्रेमवर्क, तसेच हे. रिॲक्टचा संसार जावास्क्रिप्टच्या घरात.

"मग जावाचा आणि जावास्क्रिप्टचा काय संबंध?"

"काही नाही. नावापुरता."

म्हणजे या जावा नावापुरत्याच. दोघींचे घर एक नव्हे.

"पण मग तुलाच कळलं कसं नाही?" मी विचारले आणि लगेच जीभ चावली. तिने मात्र शांतपणे सांगितले. रूबीचा स्वभाव फार मोकळा. तिच्या स्वत:च्या आकड्यांनाही बाहेरच्याने नवे शब्द शिकवावेत आणि तिने ते मुकाट्याने मान्य करावेत. पायथनचे आकडे असे कोणाचे ऐकत नाहीत. त्यामुळे रेल्सच्या घरात वाढलेल्याला कोणता शब्द भाषेचा आणि कोणता घरचा, हे कळायला मार्गच नसतो. आधी नुसती भाषा शिकली असेल तरच कळते.

ते शेवटचे वाक्य ती माझ्याकडे न पाहता बोलली.

मला झोप लागली नाही. राहून राहून एक पत्र आठवू लागले. मी वर्षानुवर्षे पत्रलेखन शिकवले. मुलांकडून मायने घोटून घेतले : 'तीर्थरूप बाबांस', 'साष्टांग नमस्कार विनंती विशेष', 'पत्रास कारण की', 'वरील विषयास अनुसरून'. मायन्याला गुण असत आणि मायना कधी चुकत नसे. माझ्या वर्गाचा निकाल त्याच्या जोरावर चांगला लागे. एका वर्षी एका माजी विद्यार्थ्याचे पत्र आले. वर उजवीकडे पत्ता, खाली तारीख, मधोमध विषय : 'आई वारल्याबाबत'. आणि पुढे, 'महोदय, वरील विषयास अनुसरून विनंतीपूर्वक कळवितो की माझी आई मंगळवारी वारली. तरी कळावे. आपला आज्ञाधारक विद्यार्थी.' त्या वेळी स्टाफरूममध्ये मी ते वाचून दाखवले आणि आम्ही सगळे हसलो. पोराला कोणाशी तरी बोलायचे होते आणि मी त्याला दिलेल्या सामानात तेवढाच एक साचा होता, हे मला त्या रात्री गॅलरीत बसून समजले. त्याला मी उत्तर पाठवले होते की नाही, तेही आठवेना.

मायन्याला मी नावे ठेवीत नाही. तो नसता तर किती पत्रे सुरूच झाली नसती. रेल्स नसते तर आमच्या मुलीचे वाचनालय दोन महिन्यांत उभे राहते ना. सकाळी मी माझा हा मायन्याचा दाखला मोठ्या अभिमानाने सौ.ला ऐकवला. दिवाळी तोंडावर आली होती आणि ती चकलीची भाजणी चाळीत होती. ती म्हणाली, "एवढं कशाला? तयार भाजणी आणली की चकली होते. पण ती तेलात विरघळली, तर काय कमी पडलं हे कळायला भाजणी घरी भाजलेली असावी लागते." चौतीस वर्षांच्या शिक्षकाने यावर काही बोलू नये. मी चाळणी धरली.

पहिल्या अभ्यासक्रमाचे पैसे मी दुसऱ्या दिवशी भरले. खिडकीत तोच तरुण होता. तो हसला नाही, हे त्याचे उपकार. चार दिवसांची दिवाळी सोडली तर पुढचे तीन महिने ती जेवणाच्या टेबलावर बसून नुसती रूबी लिहीत होती. एकदा तिने मला हाक मारली. "काका, तीन दिवसांचे सेकंद किती?" मी कागद घेतला. तीन गुणिले चोवीस, गुणिले साठ, गुणिले साठ : 259200. तिने आत्ताच्या वेळेतून तेवढे वजा केले आणि तीन दिवसांपूर्वीची तारीख पडद्यावर आली. 'डेज' नाही, 'अगो' नाही. तिचा चेहरा पाहून मी सौ.ला चहा टाकायला सांगितले.

परवा नव्या अर्जाची तयारी झाली. या वेळी ती सांगत गेली आणि मी लिहीत गेलो. संगणकाच्या भाषांचा रकाना वेगळा केला. त्यात रूबी, आणि जावास्क्रिप्टपुढे कंसात 'बेताची'. रेल्स त्याखाली, फ्रेमवर्क म्हणून. शेवटी एचटीएमएलपाशी आमचे अडले. मी म्हणालो, त्यातल्या शेवटच्या अक्षराचा अर्थच मुळी लँग्वेज असा आहे, मग ती भाषांच्या रकान्यात का नाही?

"काका, तिला जर-तर येत नाही, हिशेब येत नाही. कुठे मथळा, कुठे परिच्छेद, एवढ्या खुणा करते ती फक्त."

"अगं, पण नावातच..."

या वेळी मात्र तिने 'असू द्या' म्हटले नाही. दोघांची तासभर हुज्जत चालली. अर्ज अजून माझ्या टेबलावर आहे आणि त्या एका शब्दापुढे पेन्सिलीने प्रश्नचिन्ह आहे.