आधी पंधरा

युनिक्समधल्या ‘किल’ या कमांडच्या नावाने नवशिक्याची हमखास फसगत होते. ती मारत नाही, निरोप पोचवते. आकडा दिला नाही, तर 15 नंबरचा सिग्नल जातो: आता आवरतं घ्या. नीट लिहिलेली प्रोसेस तो ऐकते, हातातलं काम संपवते, तात्पुरत्या फायली पुसते आणि निघते. एखादी कानाडोळाही करते. 9 मात्र प्रोसेसच्या कानी पडतच नाही. कर्नल तिला परस्पर उचलतो. आवरासावर करायला क्षणही मिळत नाही.

हे सगळं मला पाठ होतं. तरी नोकरीच्या पहिल्याच वर्षी, रात्रपाळीत, पोस्टग्रेसच्या सर्व्हरवर एक क्वेरी अडून बसली, तेव्हा ‘पीएस’च्या यादीतून तिची प्रोसेस हुडकली आणि थेट 9 पाठवला. जायला हवी होती एक. तुटल्या सगळ्याच जोडण्या. पोस्टग्रेसच्या प्रोसेसची मेमरी सामाईक असते. एखादी अशी अचानक गेली, की तिने त्या मेमरीत काय अर्धवट टाकलंय याची खात्री मुख्य प्रोसेसला उरत नाही. मग ती बाकीच्यांनाही बाहेर काढते आणि लॉग वाचत डेटाबेस सावरायला बसते. सुक्याबरोबर ओलंही जळालं. वरिष्ठांनी एवढंच विचारलं, “पंधरा पाठवून बघितलास?”

नव्हता बघितला.

तेव्हापासून पीआयडी सापडला तरी हात आवरतो. ही कोणाच्या नावावर चालते, हिला कोणी जन्म दिला, कधीपासून चालली आहे, हे आधी बघतो. अवस्थेच्या रकान्यात ‘झेड’ दिसला, तर ती झॉम्बी: मेलेलीच, फक्त जन्मदात्या प्रोसेसने तिची नोंद घ्यायची राहिलेली. मेलेल्याला काय मारणार? जन्मदातीकडे बघायचं. लिनक्सवर ‘डी’ दिसला, तर ती बहुधा डिस्कची किंवा नेटवर्कवरच्या फायलीची वाट बघत कर्नलमध्ये अडकलेली असते. तिथे सहसा 9 सुद्धा चालत नाही. दुखणं डिस्कमध्ये शोधावं लागतं. यादी ‘ग्रेप’मधून गाळली, तर शोधणारा ‘ग्रेप’ही त्या यादीत उभा असतो. म्हणून मी ‘पीग्रेप’ वापरतो. ती कमांड स्वतःला वगळते.

9 आजही वापरतो, पण पंधरा पाठवून, अर्धा मिनिट वाट बघून. डेटाबेसच्या प्रोसेसवर मात्र नाही.