एक प्लेट घेऊन या

गेल्या डिसेंबरात मी ब्रिस्बेनला लेकीकडं होते. तिथं डिसेंबर म्हणजे भर उन्हाळा. रस्त्याकडेचे गुलमोहर लालभडक, आणि शाळेचं वर्ष संपत आलेलं. नात पहिलीत. तिच्या शाळेच्या वर्षअखेरच्या कार्यक्रमाचं निमंत्रण आलं, त्यात शेवटी लिहिलं होतं, येताना एक प्लेट घेऊन या. मी आपली कपाटातली बरीशी प्लेट काढून पुसून ठेवली. लेक हसून हसून बेजार. "आई, रिकामी नाही गं, काहीतरी करून न्यायचं!"

मग शेंगाची पोळी करते म्हटलं. बेळगावची बाई दुसरं काय करणार? तर शेंगदाणा शाळेत न्यायलाच बंदी. काही मुलांना त्याची अ‍ॅलर्जी असते, श्वास कोंडतो. जन्मभर कांदा-लसूण टाळत आले, पण शेंगदाणा टाळणारी माणसं पहिल्यांदाच भेटली. शेवटी शंकरपाळ्या केल्या. मला दिवस मावळल्यावर खायचं नसतं, म्हणून साडेपाचलाच जेवून निघाले.

शाळा अँग्लिकन चर्चची. आपण मिशनच्या सगळ्याच शाळांना कॉन्व्हेंट म्हणून मोकळे होतो, पण ही मंडळी वेगळी, मूळ इंग्लंडच्या चर्चची. ऑस्ट्रेलियात १९८१ पर्यंत त्यांच्या चर्चचं नावही तेच होतं. सुरुवातीला मुख्याध्यापिकाबाईंनी त्या जमिनीच्या मूळ रहिवाशांची आठवण काढून त्यांना मान दिला. ते मला फार आवडलं. मग पाद्र्यांनी छोटीशी प्रार्थना म्हटली. मी मनात णमोकार म्हणत होते. नातीकडं पाहिलं, तर ती डोळे मिटून, मान खाली घालून सगळ्यांबरोबर 'आमेन' म्हणत होती. आत कुठंतरी टोचलं, खोटं कशाला सांगू? रात्री झोपताना तीच पोर माझ्याबरोबर णमोकारही म्हणते, हे मागनं आठवलं.

पुढं बक्षिसं. अभ्यासाची, पोहण्याची, गाण्याची, बुद्धिबळाची. आपल्या शाळांत असतात तशी लाल-निळी हाऊस, त्यांचे गुण, त्यांचा आरडाओरडा. पोहणाऱ्या मुलांना गणितवाल्यांपेक्षा जास्त टाळ्या पडल्या, ते काही मला पटलं नाही. पण सगळ्यात मोठ्या टाळ्या कुणाला? शाळेसमोर रोज मुलांना रस्ता ओलांडून देणाऱ्या म्हाताऱ्या बाईंना. सगळी पोरं उभी राहिली. उपाहारगृहात फुकट राबणाऱ्या आयांनाही फुलं दिली.

आमच्या पोरीला काहीच मिळालं नाही. मैत्रिणीचं नाव पुकारलं तेव्हा ही खुर्चीवर चढून टाळ्या वाजवत होती. माझा जीव मात्र खालीवर. गाडीत मी विचारलंच, "हिला कसं काही नाही दिलं?"

लेक पुढं बघून गाडी चालवत होती. म्हणाली, "आई, तू अजून मोजतेस?"

एवढंच. पण मला लगेच कळलं, ती कुठलं बोलत होती ते.

ती दहावीला होती तेव्हाची गोष्ट. अठ्ठ्याहत्तर टक्के पडले. जावेच्या मुलीला एक्क्याण्णव. समाजात गुणवंत विद्यार्थ्यांचा सत्कार होता, शाल, श्रीफळ, फोटो. सगळं घर निघालं. मी लेकीला म्हटलं, तू घरीच थांब, उगीच चार लोक टक्के विचारतील. तिनं इस्त्री केलेला ड्रेस परत घडी घालून ठेवला. कार्यक्रमात जो तो विचारत होता, थोरली कुठं? मी सांगितलं, पोट दुखतंय तिचं.

दशलक्षणात सत्यावरचं प्रवचन मी दरवर्षी पहिल्या रांगेत बसून ऐकते. क्षमावाणीला ब्रिस्बेनला न चुकता फोन करते, कळत-नकळत काही चुकलं असेल तर क्षमा कर म्हणते, तीही म्हणते, आणि मग आम्ही भाज्यांच्या भावावर येतो. ही पोटदुखी काही कधी तोंडावर आली नाही. ती तर नकळत नव्हतीच.

घरी आल्यावर नात झोपली. लेक ओट्याशी प्लेट धूत होती. शंकरपाळ्या एकही उरली नव्हती. एका बाईनं तर करायची रीत लिहून मागितली होती. मी शेजारी जाऊन उभी राहिले.

म्हटलं, "त्या दिवशी तुझं पोट दुखत नव्हतं गं. मी सगळ्यांना खोटंच सांगितलं."

तिनं नळ बंद केला. "मला दुसऱ्या दिवशी काकूनं विचारलं होतं, पोट बरं आहे का म्हणून. मी हो म्हटलं."

म्हणजे माझं खोटं तिनं पंधराव्या वर्षी सांभाळून घेतलं होतं, आणि अठरा वर्षं बोलली नव्हती.

मला रडू आलं. तिनं माझ्या हातात फडकं दिलं. "पूस ती प्लेट," म्हणाली, "आणि त्या बाईला रीत लिहून दे. इंग्रजीत मी करते."