वाकळीच्या पोटातले कापड

आपल्या वसतिगृहात अलीकडे बाजारातली फुलाफुलांची ब्लँकेटे वाढली आहेत. घरची वाकळ आणणारी मुले अजूनही आहेत. परंतु तिची घडी ती पेटीच्या मागे सरकवून ठेवतात. हा संकोच आम्हांस परका नाही. जुन्या कापडाशी आपल्या समाजाचे नाते सरळ नाही. मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात चांडाळांनी मृतांची वस्त्रे वापरावीत, अशी आज्ञा आहे. गावगाड्यातही आपल्या वाट्याला बहुधा दुसऱ्याच्या अंगावरून उतरलेलेच कापड येई. २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला तो ग्रंथ जाळला गेला, आणि त्याच मुक्कामात बाबासाहेबांनी स्त्रियांना, नेसण्या-लेण्यावरून जात ओळखू येईल असे राहू नका, असे बजावले. तेव्हा चिंधी पाहिली की मन आक्रसते, त्याला इतिहास आहे.

वाकळीच्या पोटात जाणारे कापड मात्र आपल्याच घरी, आपल्याच मजुरीच्या पैशाने आलेले असते. हा फरक मुलांना कोणी सांगत नाही.

आमची आजी धानाची चुरणी आटोपली की वाकळीला बसे. एक नऊवारी लुगडे चौपदरी दुमडले की माणसाच्या उंचीचे चार थर होतात. दोन लुगड्यांचे आठ. वर-खाली त्यातल्या त्यात धड कापड, मध्ये धोतराचे तुकडे, सदऱ्यांच्या पाठी, लेकरांची दुपटी. गुंड्या आणि जाड शिवणी आधी काढायच्या, कारण त्या अंगाला टोचतात व सुई अडवतात. सगळे भरण उकळत्या पाण्यातून काढून कडक उन्हात वाळवायचे. त्याने ढेकूण मरतात, आणि कापडाला जे आटायचे ते आधीच आटते. पुढे धुतल्यावर वाकळ आखडत नाही. मग कडेकडून आत, चौकोनात धावदोरा घालत जायचे, दोन ओळींत दोन बोटांचे अंतर ठेवून. अंतर वाढले की आतल्या चिंध्या सरकून एका कोपऱ्यात गोळा होतात. थरांमध्ये अडकलेली हवा ऊब धरून ठेवते, हे आम्ही पुढे विज्ञानाच्या पुस्तकात वाचले. आजी मात्र एका जाड कापडापेक्षा चार विरलेली बरी, एवढेच म्हणे. खाली तणस, वर वाकळ. जंगलालगतची पौषातली रात्र निभावून जाई.

त्या वाकळीच्या पोटात एक पांढरे लुगडे होते. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपूरला दीक्षा झाली आणि १६ ला बाबासाहेब चांद्याला आले. आजी गावच्या बायांबरोबर चांद्याला गेली ती हेच लुगडे नेसून. पुढे ते विटले, विरले, तरी तिने त्याचे पोतेरे होऊ दिले नाही. मधल्या थरात, छातीवर येईल अशा जागी घातले. तीच वाकळ पांघरून वसतिगृहात आम्ही दहावीचा अभ्यास केला. एम.ए.ला इतिहासाची साधने पाठ केली, ताम्रपट, शिलालेख, नाणी. त्या यादीत पांघरूण कुठे नव्हते.

विनयपिटकात मात्र जुन्या कापडाचा चोख हिशेब आहे. कौशांबीच्या उदयन राजाच्या राण्यांनी स्थविर आनंदांना पाचशे चीवरे दिली. हे कापडाचे दुकान मांडणार की काय, अशी राजाला शंका आली. आनंदांनी सांगितले, ज्यांची चीवरे जीर्ण झाली त्या भिक्खूंना ही वाटू. जीर्ण चीवरांची पलंगपोसे होतील, ती जुनी झाली की गादीची खोळ, मग जमिनीवरचे अंथरूण, मग पायपुसणे, मग झाडण्याचे फडके. आणि शेवटी त्याचे तुकडे चिखलात कालवून जमीन लिंपू. राजा संतुष्ट झाला आणि त्याने आणखी पाचशे दिली. (शेवटची पायरी आजीने त्या लुगड्यापुरती मान्य केली नसती.) चुल्लवग्गातली ही कथा झाली; महावग्गात चीवराचा नमुनाच मगधातल्या शेतांच्या बांधांवरून घेतलेला आहे. ब्रह्मपुरी-आरमोरीकडच्या मुलांना तो समजावण्यास चित्र लागत नाही. धानाच्या बांध्या त्यांच्या दारातच असतात.

आता अडचण निराळी आहे. घरोघरी साड्या पॉलिस्टरच्या. त्या घाम शोषत नाहीत, सुईखाली सरकतात आणि चुलीची ठिणगी पडली तर वितळून अंगाला चिकटतात. पोटात एखादा थर खपेल; अंगाला लागणारी बाजू सुतीच हवी, याबाबत आम्ही हट्टी आहोत.

काही माजी विद्यार्थी वाकळींसाठी जुने कपडे पाठवण्याची तयारी दाखवतात. त्यांचा स्नेह आम्ही जाणतो, तरी त्यांना नाही म्हणतो. सुया, दोरा, वरच्या बाजूला नवे सुती कापड त्यांनी अवश्य पाठवावे. पोटातले कापड ज्याच्या त्याच्या घरचे असू द्यावे. गेल्या माघात आठवीच्या मुलींनी पाच वाकळी शिवल्या, आणि आत काय घातले ते प्रत्येकीने एका वहीत लिहिले. आईची लग्नातली पांढरी साडी. आजोबांचे धोतर. भावाचा पहिलीचा गणवेश. ती वही शाळेत इतिहासाच्या कपाटात ठेवली आहे.